उपरण्याखालचा हात

परवा शिरूरला चष्म्याच्या दुकानात पावती लिहिता लिहिता तिथल्या मुलीने विचारलं, "काका, आज तारीख काय?"

"तूच सांग की," मी म्हणालो.

ती हसली. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून तिने तारीख लिहिली आणि विषय संपला. मी मात्र बाहेर येऊन गाडीला टेकून उभा राहिलो. तारीख मला ठाऊक होती. पक्की ठाऊक होती. तरी तीन वेळा मनात म्हणून बघितली. वार म्हणून बघितला. सकाळी काय खाल्लं ते आठवलं, काल कोणाशी भांडलो तेही आठवलं. सगळं जागेवर होतं. तरी पाठीला घाम आला होता. कारण ते वाक्य माझं नव्हतं, धोंडीआप्पांचं होतं. आणि त्या एका वाक्याच्या आड आप्पांचा आजार वर्ष-दीड वर्ष लपून बसला होता. तो डॉक्टरांना दिसला नाही. मलाही दिसला नाही, आणि मी तर स्वतःला माणसं ओळखणारा समजत होतो.

धोंडीआप्पा शेळ्या-मेंढ्यांचे दलाल. त्यांचे वाडवडील मेंढरं घेऊन मुलूख फिरले. आप्पांनी दौंडच्या अलीकडे, भीमेच्या काठाला एका वाडीवर मुक्काम टाकला तो कायमचा. पाटाच्या पाण्यावर थोडं रान भिजायचं, पण आप्पांचा जीव रानात नव्हता. तो बाजारात होता. दौंडच्या आठवडी बाजारात लिंबाच्या झाडाखाली त्यांची जागा ठरलेली. लाल पटका, गुडघ्यापर्यंत धोतर, खांद्यावर मळकं उपरणं. मेंढीच्या पाठीवरून नुसता हात फिरवून ती किती दिवस नीट चरलेली नाही ते सांगायचे. सौदा पुरा होईपर्यंत चहाला शिवायचे नाहीत. वय विचारलं तर म्हणायचे, "तुमीच बोला."

त्यांचा सगळा धंदा या दोन शब्दांवर उभा होता. आधी आकडा बोलायचा नाही. समोरच्याला बोलू द्यायचं.

मी त्यांना पहिल्यांदा भेटलो तेव्हा न्हावऱ्यात कांद्याच्या गोण्या उचलणं सोडून नुकताच या धंद्यात पडलो होतो. बाजारात उभा राहून मोठ्याने भाव करत होतो. मागून कोणीतरी माझं मनगट धरलं.

"काय न्हावरेकर, बोंबलून घ्येताय व्हय शेरडं? तुमच्या खिशात काय हाय त्ये पार कासुर्डीपतोर कळलं की."

आप्पांनी आमच्या दोघांच्या हातांवर उपरणं टाकलं. आमच्याकडे सौदा असा उपरण्याखाली होतो. जेवढी बोटं धरली तेवढा आकडा, पंजा धरला की पाच. तोंडाने चाललेलं असतं पाऊसपाण्याचं आणि बोटं खाली भांडत असतात. शेजारी उभ्या असलेल्यालाही भाव कळत नाही. आणि एक नियम आहे. भाव जमेना म्हणून ज्याने आधी हात सोडला, त्याने सौदा मोडला. हात हातात आहे तोवर बोलणं चालू.

"तुमीच बोला," आप्पा म्हणाले. मी बोललो आणि फसलो. पैसे देऊन झाल्यावर ते शांतपणे म्हणाले, "त्यातली काळी गाभन हाय. जपून न्या."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"इचारलं कुठं तुमी? मालाबद्दल इचाराल त्ये खरं सांगीन. भावाबद्दल माज्या आयशीला बी न्हाई सांगनार."

मी चिडलो, आणि पुढच्या बाजारी पुन्हा त्यांच्याकडेच गेलो. दहा-बारा वर्षं जात राहिलो. भाव करण्यात आप्पांसारखा निर्दय माणूस मी पाहिला नाही, आणि शब्दाला तसा पक्काही दुसरा पाहिला नाही. कवठे येमाईच्या बबनला त्यांनी एकदा एका मेंढ्यावर हात दिला होता, म्हणजे सौदा पक्का केला होता. बबन आजारी पडला, तीन बाजार आला नाही. तेवढ्यात दुसऱ्याने त्याच मेंढ्याला बराच जास्त भाव दिला. आप्पांनी मेंढा दावणीला ठेवला, पदरचा चारा घातला आणि चौथ्या बाजारी बबनच्या हातात दावं दिलं. चाऱ्याचं नावही काढलं नाही. "हात दिल्याला," एवढंच म्हणाले. कागद नाही, सही नाही. लिहिता-वाचता येत नसलेल्या माणसाची सगळी अब्रू त्या हातात होती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. आप्पांची बायको भागूआक्का मला बाजारात शोधत आली. ती कधी बाजारात येत नसे.

"भाऊ, ह्यांचं काय तरी बिनसलंय. जेवून हात धुत्यात आन् पुन्हा ताटावर येऊन बसत्यात. म्या उपाशी ठेवलं म्हनत्यात. काल मला इचारलं, ही वाडी कुनाची?"

माझ्याकडे तेव्हा जीप आली होती. दोघांना बसवून शिरूरच्या डॉक्टरकडे नेलं. नाव असलेला, हाताला गुण असलेला डॉक्टर. त्याने नाडी बघितली, रक्तदाब बघितला आणि खुर्ची पुढे ओढली.

"आप्पा, आज वार कोणता?"

"तुमीच बोला, डाक्टर."

"अहो, मी विचारतोय तुम्हाला."

"म्हंजी तुमाला बी ठावं न्हाई व्हय? मग एवढं शिकला कशापायी?"

डॉक्टर हसला. "बरं, पंतप्रधान कोण आहेत?"

"कुनी का आसना. आमच्या वाडीला रस्ता न्हाई झाला."

"शंभरातून सात गेले तर किती राहिले?"

"घेनार हायसा का इकनार, त्ये सांगा आदी."

डॉक्टरने टेबलावर थाप मारली. "यांना कसला आजार? हा म्हातारा आपल्या दोघांना बाजारात विकून येईल! वयाचा थोडा विसराळूपणा असतोच." शक्तीच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या खोलीत सगळ्यात मोठ्याने मी हसलो होतो. माझ्या गुरूने डॉक्टरला गार केलं म्हणून मला अभिमान वाटत होता.

भागूआक्का हसली नाही. जीपमध्ये बसल्यावर ती हळूच म्हणाली, "भाऊ, ह्यांनी एका बी गोष्टीचं उत्तर दिलं न्हाई."

"आक्का, तुम्ही उगीच घोर लावून घेता," मी म्हणालो आणि गियर टाकला.

सहा-सात महिन्यांनी आप्पांनी मला एका मेंढ्यावर हात दिला. देखणा, अंगाने भरलेला मेंढा. पुढच्या बाजारी मी टेम्पो घेऊन पोहोचलो, तर बबन तोच मेंढा ओढत निघाला होता.

"आप्पा, हा मेंढा माझा हाय."

"तुमचा कवा झाला?"

"गेल्या बाजारी हात दिला तुमी. ह्याच झाडाखाली."

आप्पा अगदी सरळ म्हणाले, "तुमाला हात दिला आसता, तर म्या बबनला कशाला दिला आसता?"

आज ते वाक्य आठवलं की कळतं, याहून खरं ते काही बोलूच शकत नव्हते. पण त्या दिवशी माझं डोकं फिरलं. मुळात माझं डोकं लवकर फिरतं. आणि त्यात डॉक्टरची खात्री माझ्या खिशात होती. म्हातारा ठणठणीत आहे, डोकं तल्लख आहे. मग याचा अर्थ एकच.

"लबाड हायसा तुमी आप्पा!" मी बाजाराला ऐकू जाईल असं ओरडलो. "हाताची भाषा आमाला शिकवता आन् सोता हात फिरवता? थू तुमच्या उपरण्यावर!"

मेंढरं ओरडायची थांबली नसतील, पण मला आठवतं ते असं की सगळा बाजार गप्प झाला होता. बबनने दावं खाली टाकलं आणि तो मेंढा न घेताच निघून गेला. मीही घेतला नाही.

त्यानंतर आप्पांच्या उपरण्याखाली कोणी हात घातला नाही. ते दर आठवड्याला यायचे, लिंबाखाली बसायचे, उजव्या मनगटावर उपरणं पसरून ठेवायचे. लोक लांबून वळून जायचे. मी दिसलो की नेहमीसारखं हसून म्हणायचे, "काय न्हावरेकर, आज बाजार थंड हाय." मी केलेला अपमान ते विसरून गेले होते. बाजार विसरला नव्हता. मला वाटायचं, किती निगरगट्ट आहे हा माणूस.

मग एका सकाळी आप्पा घरातून नाहीसे झाले. भागूआक्काने पुन्हा मलाच निरोप धाडला. दुसरं कोणी जवळ करत नव्हतं. राग होता, तरी मी मोटारसायकल काढली. दौंडचं स्टेशन बघितलं, नदीचा पूल बघितला. पुलावरून वाकून पाणी बघितलं. शेवटी एका दूधवाल्याने सांगितलं, एक लाल पटक्यावाला सोलापूर रस्त्याला लागलाय. कासुर्डीजवळ भर दुपारी सापडले. हायवेच्या मधोमध उभे होते. दोन्ही बाजूंनी ट्रक भोंगे वाजवत जात होते, ड्रायव्हर शिव्या घालत होते. आप्पांनी एक हात पुढे केला होता. त्यावर उपरणं होतं. ट्रकच्या वाऱ्याने ते उडायचं आणि आप्पा ते पुन्हा नीट करायचे.

मी त्यांना धरून कडेला आणलं.

"आप्पा, हितं कुठं आला?"

"मेंढरं फुडं गेली. आबा थांबत्याल माज्यासाठी."

आबा म्हणजे त्यांचे वडील. ते जाऊन तीस-चाळीस वर्षं झाली असतील. त्या क्षणी मला भागूआक्काचं जीपमधलं वाक्य आठवलं: ह्यांनी एका बी गोष्टीचं उत्तर दिलं न्हाई.

दौंडच्या एका डॉक्टरने सलाईन लावलं, रक्त-लघवी तपासली, सगळं चांगलं आहे म्हणाला. हिंडू नयेत म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी आप्पा न्हाणीत पडले आणि कपाळ फुटलं. टाके घालायला जवळच्या गावातल्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे एक शिकाऊ डॉक्टरीण होती, वैशाली नावाची. कॉलेजने गावाकडे पाठवलेली, वर्ष संपलं की परत जाणारी. टाके घालताना तिने तीन वेळा विचारलं, कसे पडलात. आप्पांनी तीन वेगळी उत्तरं दिली. तिचा हात थांबला.

पट्टी बांधून झाल्यावर तिने कागद आणि पेन आणलं. "आजोबा, यावर घड्याळ काढा."

आप्पांनी पेन काठीसारखं मुठीत धरलं. पलीकडे मोठे डॉक्टर पेपर वाचत होते. ते म्हणाले, "अहो, ज्याला घड्याळ बघता येत नाही, त्याला काढायला काय सांगता? तुम्हाला जे वाटतंय ना, ते आजार परदेशातले. आपल्याकडं म्हातारी माणसं नातवंडांत असतात, त्यांना असलं काही होत नाही. वयाचं आहे हे."

मुलीचे कान लाल झाले. पण तिने कागद बाजूला ठेवला आणि माझ्याकडे वळली. "काका, यांना सगळ्यात चांगलं काय येतं?"

इतक्या डॉक्टरांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी उपरण्याचं सांगितलं, बोटांचे आकडे समजावले. तिने खुर्ची सरकवली आणि आप्पांपुढे हात केला.

"बाईमानसानं हात घालायचा नस्तो," आप्पा म्हणाले.

"मग माझी मेंढी तशीच नेणार का फुकट?"

आप्पा कितीतरी दिवसांनी खळखळून हसले. उपरणं पसरलं. आणि मी जुने आप्पा बघितले. तोंडाने ते तिला माहेर कोणतं विचारत होते आणि खाली बोटं चालली होती. मध्येच नाराज झाल्यासारखी मान फिरवायची, हात सैल करायचा पण सोडायचा नाही, सगळं जागच्या जागी. सौदा झाला. शेवटी हातावर हात मारून त्यांनी तो पक्का केला. मोठ्या डॉक्टरांनी पेपरवरून बघितलं. "बघा, आहे का काही?"

मुलगी आप्पांशी पाण्याच्या पाळीबद्दल बोलत राहिली. कपातला चहा निवेल एवढाच वेळ. मग सहज विचारलं, "आजोबा, आपलं किती ठरलं?"

"तुमीच बोला."

"कशाचा सौदा केला आपण?"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. गर्दीत सोबतचं माणूस चुकल्यावर लहान मूल बघतं तसं. मग चेहरा सावरला, उपरणं झटकलं आणि तिच्यापुढे हात केला. "मेंढी इकायची हाय व्हय? बोला की."

पुन्हा तोच सौदा. माहेर कोणतं? तशीच मान फिरवणं, तसाच सैल हात. तिने तिसऱ्यांदा विचारलं तेव्हाही तेच. मला बघवेना. मोठ्या डॉक्टरांनी पेपर घडी करून ठेवला.

बाहेर व्हरांड्यात तिने मला आणि भागूआक्काला आजाराचं नाव सांगितलं, अल्झायमर. "मेंदू हळूहळू झिजत जातो. जुनं, हातात मुरलेलं उशिरापर्यंत राहतं. नवीन काही टिकत नाही. मला असं वाटतं. पुण्याला मोठ्या डॉक्टरांना दाखवून खात्री करा, मी चिठ्ठी देते."

"तुम्ही असे किती पेशंट बघितले?" माझा आवाज चढलाच.

"हे पहिले. पुस्तकात दीड पान आहे. परीक्षेला विचारत नाहीत म्हणून आमच्यातले बरेचजण ते सोडून देतात."

"औषध?"

"बरं करणारं नाही."

"मग ह्या नावाचं मी काय करू? लोणचं घालू?"

ती घाबरली नाही. म्हणाली, "काका, नाव असलं की निदान लोक त्यांना लबाड म्हणणार नाहीत."

माझ्या त्या शब्दाबद्दल तिला काही माहीत नव्हतं. भागूआक्काला माहीत होतं. ती पदराने डोळे पुसत दुसरीकडे बघत होती.

पुण्याच्या तज्ज्ञाने मुलीचंच म्हणणं खरं ठरवलं आणि वर म्हणाला, "जरा लवकर आणायला हवं होतं." त्यावर मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिथून मी सरळ शिरूर गाठलं. त्या पहिल्या डॉक्टरच्या टेबलावर चिठ्ठी आपटली. भांडायच्या तयारीने गेलो होतो. त्याने चिठ्ठी दोनदा वाचली. चष्मा काढला.

"आम्हाला हे कोणी नीट शिकवलंच नाही हो," तो म्हणाला. "म्हातारपणी असं होतंच, असं मी इतकी वर्षं लोकांना सांगत आलो. किती जणांना सांगितलं असेल." मग त्याने टेबलावरचा नॅपकिन उचलून आपल्या हातावर टाकला. "त्या मुलीनं नक्की काय केलं? दाखवा मला."

जो माणूस भाव करतो त्याच्याशी मला भांडता येतं. त्याने सरळ सगळं कबूल केलं, आणि माझा राग न्यायला जागाच उरली नाही. मी त्याला बोटं शिकवली आणि निघालो. तरी तो राग गेलेला नाही. त्या दिवशी तो हसण्याऐवजी जरा थांबला असता, तर मी बाजारात ओरडलो नसतो. एवढं मी अजून धरून आहे. त्याच्याबरोबर हसलेल्या दुसऱ्या माणसाचं, म्हणजे माझं, काय करायचं ते मात्र कळत नाही.

पुढच्या बाजारी लिंबाखाली उभा राहून मी चार-सहा जणांना गोळा केलं. खाली बघत सांगितलं, आप्पा लबाड नव्हते, आजारी आहेत, डॉक्टरचा कागद आहे. काहींनी माना हलवल्या. एकजण म्हणाला, आता आजाराचं सोंग का? बबन हाताची घडी घालून उभा होता.

"न्हावरेकर, लबाड म्हनला तवा पार रस्त्यापतोर ऐकू आलं व्हतं. आजारी म्हनताना घसा बसला व्हय?"

मग मी ओरडून सांगितलं. पहिल्यापेक्षा मोठ्याने. पण आप्पांचं बाजारात येणं तोवर बंद झालं होतं. त्यांनी ते ऐकलं नाही.

शेवटचं भेटलो ते वाडीवर. बाजाराला जाताना टेम्पो वाकडा घालून गेलो. आप्पा अंगणात बाजेवर बसले होते. फार वाळले होते. पटका भागूआक्काने बांधलेला, थोडा कलता. मला ओळखलं नाही. "पावनं कुठलं?" एवढं विचारलं आणि कुडाकडे बघत राहिले. मी शेजारी बसलो. त्यांच्या खांद्यावरचं उपरणं काढून आमच्या हातांवर टाकलं. बोटं लगेच जागी झाली, माझी बोटं धरून वाट बघू लागली.

"तुमीच बोला," आप्पा म्हणाले.

त्या पहिल्या सौद्यानंतर मी कधीच आधी बोललो नव्हतो. त्यांनीच शिकवलं होतं.

"आप्पा, माझं चुकलं," मी म्हणालो. "भर बाजारात बोललो. तुमी लबाड नव्हता."

आप्पांनी विचार केला. खरंच केला, कपाळाला आठी पडली. मग जुन्या सवयीने मान फिरवली.

"एवढ्यात न्हाई जमायचं," ते म्हणाले. "वाढवा जरा."

रस्त्यावर टेम्पोवाला भोंगा वाजवू लागला. बाजाराची वेळ जात होती. आप्पांनी हात सैल केला, पण सोडला नाही. मीही सोडला नाही.